नमुने वाढले म्हणजे संगीत वाढते काय?

ध्वनिमुद्रण ही आता मुंबई-पुण्याच्या स्टुडिओपुरती बाब राहिलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, पाथर्डी अशा गावांतून एखादा संगणक, एक साउंडकार्ड आणि एक मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी गाणी मुद्रित करता येतात. भजनी मंडळाचे अभंग असोत, देवीचा गोंधळ असो, लग्नातली गाणी असोत की शाळेचे स्वागतगीत, सगळ्यांसाठी तीच खोली आणि तोच संगणक. या सामग्रीच्या जाहिरातींत एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो : ९६ किलोहर्ट्झ, किंवा त्याहून मोठा १९२ किलोहर्ट्झ. शेजारी बहुधा एक चित्र असते. डावीकडे ४४.१ किलोहर्ट्झची ओबडधोबड पायऱ्यापायऱ्यांची लहर, उजवीकडे १९२ किलोहर्ट्झची जवळजवळ गुळगुळीत लहर. चित्र पाहणाऱ्याला वाटते की आकडा जितका मोठा, तितके गाणे मूळच्या जवळ.

हा प्रश्न संगीतवाल्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे विज्ञानशिक्षकांनी समजू नये. गावात कोणाला अशी खरेदी करायची असली की ‘सरांना विचारू या’ असे म्हटले जातेच. शिवाय ते पायऱ्यांचे चित्र जाहिरातींपुरते थांबलेले नाही. अंकीय ध्वनी समजावून सांगताना फळ्यावरही तेच काढले जाते, आणि ते चूक आहे. म्हणून या दाव्याची चिकित्सा येथे करीत आहोत.

दावा नीट मांडू या

मायक्रोफोनमधून येणारा विद्युतदाब सतत बदलत असतो. संगणक त्याची ठरावीक अंतराने मोजणी करतो. प्रत्येक मोजणी म्हणजे एक नमुना, आणि सेकंदाला किती नमुने घेतले ते म्हणजे नमुनादर. ४४.१ किलोहर्ट्झ याचा अर्थ सेकंदाला ४४,१०० नमुने. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला हे बिटांवरून ठरते. १६ बिट असतील तर ६५,५३६ टप्पे, २४ बिट असतील तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक टप्पे. नमुनादर आणि बिट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची गल्लत हे या वादातल्या निम्म्या गोंधळाचे मूळ आहे.

जाहिरातीचा दावा असा : दोन नमुन्यांच्या मध्ये जे घडले ते हरवले. नमुने जवळजवळ घेतले तर कमी हरवेल. म्हणून १९२ हे ४४.१ पेक्षा चारपटीहून चांगले.

ऐकायला हे अगदी सरळ वाटते. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि ती तपासलेली नाही.

दोन बिंदू आणि सरळ रेषा

भूमितीच्या तासाला आपण शिकवतो की दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते. समजा, कोणी म्हणाले, ‘दोनच बिंदू घेऊन रेषा काढलीत, ती कच्ची असणार. मी दोनशे बिंदू घेतो, माझी रेषा अधिक सरळ येईल.’ वर्गातला विद्यार्थीही हसेल. आकृती सरळ रेषा आहे हे एकदा ठाऊक असले की दोन बिंदू पुरेसे असतात. उरलेले १९८ बिंदू त्याच रेषेवर पडतात, नवीन काही सांगत नाहीत.

ध्वनीच्या लहरीलाही असाच नियम लागू आहे. एखाद्या ध्वनीत ठरावीक मर्यादेपलीकडच्या वारंवारता नाहीत एवढे ठाऊक असेल, तर त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक दराने घेतलेले नमुने ती लहर पूर्णपणे निश्चित करतात. त्या सगळ्या बिंदूंतून जाणारी आणि मर्यादा पाळणारी लहर एकच असते. गणिताच्या बाजूने व्हिटेकर यांनी १९१५ मध्ये, तारायंत्राच्या संदर्भात नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये, रशियात कोटेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये या विचाराचे निरनिराळे पैलू मांडले. तो आज नायक्विस्ट-शॅनन सिद्धांत म्हणून ओळखला जातो.

मग पायऱ्या कोठून आल्या? संगणकात साठवलेले असतात ते फक्त बिंदू. ते पायऱ्यांसारखे जोडणे ही चित्रकाराची सोय झाली. ध्वनी परत वाजवताना रूपांतरकाच्या शेवटी एक फिल्टर असतो आणि तो मर्यादेपलीकडचे सर्व काही अडवतो. पायरीची धारदार कड म्हणजेच उच्च वारंवारता, त्यामुळे ती कड फिल्टरमधून पार होत नाही. बाहेर पडते ती गुळगुळीत लहर. ४४.१ किलोहर्ट्झला मुद्रित केलेला १०,००० हर्ट्झचा शुद्ध स्वर रूपांतरकातून बाहेर काढून दोलनदर्शकावर पाहिला तर पायऱ्या दिसत नाहीत. प्रत्येक आवर्तनाला जेमतेम साडेचार नमुने वाट्याला आलेले असूनही लहर गोलच दिसते.

तेव्हा फळ्यावर अंकीय लहर काढताना आडव्या अक्षावर उभ्या काड्या आणि त्यांच्या टोकांवर ठिपके काढावेत. पायऱ्या काढू नयेत. एवढ्या बदलानेही मोठा गैरसमज टळेल.

४४,१०० हा आकडा कोठून आला

ज्या मर्यादेची गोष्ट केली ती ध्वनीच्या बाबतीत आपल्या कानाने घालून दिली आहे. शाळेत आपण २० ते २०,००० हर्ट्झ हा श्राव्य पट्टा शिकवतो. वरचे टोक तरुण कानांचे आहे. वय वाढते तसे ते खाली येते, आणि पन्नाशीच्या माणसाला १२-१३ हजारांच्या पुढचे ऐकू न येणे अगदी सामान्य आहे. २०,००० ची दुप्पट ४०,०००. फिल्टरला एकदम कड्यासारखे तुटता येत नाही, त्याला उतरायला थोडी जागा लागते. म्हणून ४० हजारांच्या थोडे वर जायचे.

नेमके ४४,१०० का, याचे उत्तर मात्र कानात नाही, दूरचित्रवाणीत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अंकीय ध्वनी साठवायला सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ टेप. भारत-युरोपातल्या पद्धतीत सेकंदाला ५० क्षेत्रे, प्रत्येकात वापरण्याजोग्या २९४ रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने : ५० × २९४ × ३ = ४४,१००. अमेरिका-जपानच्या पद्धतीत ६० × २४५ × ३, पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो निवडला गेला आणि १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने तो कायम केला. चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात पुढे ४८,००० रूढ झाला. विज्ञानाची गरज आणि कारखान्याची सोय मिळून एक प्रमाण कसे ठरते, याचे हे छान उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

मर्यादा मोडली तर : तोतया स्वर

सिद्धांतातली अट मोडली की काय होते, हेही पाहायला हवे. त्याशिवाय उच्च नमुनादराची खरी उपयुक्तता कळणार नाही.

सिनेमात पळत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो आणि चाकाचे आरे त्याला पुरून उरतात. ध्वनीतही तसेच घडते. वर्गात हे करून पाहावे : आलेखकागदावर ८ समान अंतरांचे बिंदू घ्यावेत आणि तेवढ्या अवकाशात एकच आवर्तन पुरे करणाऱ्या कोसाइन लहरीच्या किमती मांडाव्यात. त्या १, ०.७१, ०, −०.७१, −१, −०.७१, ०, ०.७१ अशा येतील. आता तेवढ्याच अवकाशात ७ आवर्तने पुरी करणारी लहर घेऊन त्याच ठिकाणच्या किमती काढाव्यात. उत्तरे तीच येतात! ७ आवर्तनांची लहर १ आवर्तनाच्या लहरीचा वेश घेऊन आली. इंग्रजीतून आलेला शब्द एलियासिंग. आपण त्याला ‘तोतया स्वर’ म्हणू.

४४.१ किलोहर्ट्झला नमुने घेताना ३०,००० हर्ट्झचा स्वर आत शिरला तर तो ४४,१०० वजा ३०,००० म्हणजे १४,१०० हर्ट्झ होऊन ऐकू येईल. मूळचा ऐकू येत नव्हता, तोतया मात्र ऐकू येतो. हे टाळायला नमुने घेण्यापूर्वीच फिल्टर लावतात. सुरुवातीच्या यंत्रांत हा फिल्टर सुट्या विद्युत घटकांचा असे. त्याला फार थोड्या जागेत खाली उतरावे लागे आणि त्यात दोष राहत. ‘४४.१ चा आवाज कर्कश असतो’ ही तक्रार त्या काळात अगदीच निराधार नव्हती. आजचे रूपांतरक मात्र आतल्या आत कितीतरी पट वेगाने, उदाहरणार्थ ६४ पट म्हणजे सेकंदाला २८ लाखांहून अधिक वेळा, मोजणी करतात आणि अंकीय फिल्टरने गाळून मग ४४,१०० नमुने देतात. साध्या साउंडकार्डातही हे असते. तेव्हा जुनी तक्रार नव्या यंत्राला लावणे बरोबर नाही.

उच्च दराच्या बाजूचे मुद्दे

पायऱ्यांचे चित्र चुकीचे आहे म्हणून उच्च दराच्या बाजूचे सगळेच म्हणणे फोल ठरत नाही. त्यातले तीन मुद्दे विचार करण्याजोगे आहेत.

पहिला : वाद्यांतून २०,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी निघतच नाही काय? निघतो. अमेरिकेत जेम्स बॉइक यांनी १९९० च्या दशकात केलेल्या मोजणीत मोठ्या झांजेच्या आघातातली सुमारे ४० टक्के ऊर्जा २० किलोहर्ट्झच्या वर आढळली. खुळखुळणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यात तर ६८ टक्के! आपल्याकडचे टाळ हेही धातूचे आणि आघाताने वाजणारे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशात भजन रंगले की असे श्राव्यातीत तरंगही उठत असणार. पण ध्वनी निघणे आणि तो ऐकू येणे यांत फरक आहे. हवेत असलेले सर्वच साठवायचे म्हटले तर वटवाघळाची शीळही साठवावी लागेल. शिवाय हे तरंग प्रत्येक वेळी निरुपद्रवी राहत नाहीत. २६,००० आणि २८,००० हर्ट्झचे स्वर साध्या ॲम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये गेले आणि तेथे थोडी जरी विकृती झाली, तर त्यांच्या फरकाचा २,००० हर्ट्झचा स्वर तयार होऊ शकतो. मूळ संगीतात नसलेली ही भर म्हणजे लाभ नव्हे.

दुसरा मुद्दा वेळेचा. ४४.१ किलोहर्ट्झला दोन नमुन्यांत २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. दोन कानांवर येणाऱ्या ध्वनीतला सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही माणूस ओळखू शकतो. मग ढोलकीची थाप दोन नमुन्यांच्या मधोमध पडली तर ती हरवणार नाही काय? नाही. थाप ५ मायक्रोसेकंद उशिरा आली तर तिच्या आजूबाजूच्या प्रत्येक नमुन्याची किंमत थोडी बदलते, आणि त्या किमतींतून नेमका क्षण पुन्हा मिळतो. रेषा थोडी सरकली तर तिच्यावरचे मोजलेले बिंदूही सरकतात, तसेच हे आहे. वेळेची अचूकता दोन नमुन्यांतल्या अंतराने बांधलेली नसते, आणि १६ बिटांनाही ती मायक्रोसेकंदाच्या अगदी लहान अंशापर्यंत जाते.

तिसरा मुद्दा अनुभवाचा : ‘आम्हाला फरक ऐकू येतो.’ याचा निवाडा कसोटीनेच व्हायला हवा. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेत अशी आंधळी कसोटी घेतली. उच्च दराचे मुद्रण एकदा थेट वाजवायचे, एकदा ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटांच्या साखळीतून काढून वाजवायचे, आणि कोणते कोणते हे श्रोत्याला सांगायचे नाही. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवूनही एवढेच आले असते. या प्रयोगावर आक्षेपही घेतला गेला : वापरलेल्या काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच उच्च दराचे नव्हते. मग २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे, १२,५०० हून अधिक प्रयत्नांचे, एकत्रित विश्लेषण केले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते साठीच्या थोडे वर गेले. हा फरक लहान आहे, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने केवळ योगायोगाचा म्हणता येणार नाही. तो कशामुळे येतो, फिल्टरमुळे की वाजवण्याच्या यंत्रातल्या दोषांमुळे, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

प्रामाणिक निष्कर्ष असा की फरक शून्य आहे असे छातीठोकपणे म्हणू नये. पण जो फरक ओळखायला निवांत खोली, उत्तम सामग्री आणि प्रशिक्षित कान लागतात, आणि तरीही दहांपैकी चार वेळा चूक होते, त्याला जाहिरातीतले ‘चारपट’ हे विशेषण शोभत नाही.

घरातल्या खोलीचा हिशेब

आता ज्या खोलीत हे सगळे घडते तेथे येऊ. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, सिमेंटच्या उघड्या भिंती, वर पंखा, खिडकीबाहेर रस्ता. पत्र्याचे छप्पर असेल तर अकोल्याच्या पश्चिमेकडच्या पावसात चार महिने मुद्रणाला सुट्टीच.

अशा खोलीत बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झला अनुनाद होतो. ध्वनीचा वेग (सेकंदाला ३४३ मीटर) भागिले अंतराची दुप्पट, एवढाच तो हिशेब. अनुनादनळीचा धडा येथे खोलीला लागू होतो. अनुनाद पुढेही अनेक वारंवारतांना होत राहतात, आणि पखवाजाचा धुमा एका कोपऱ्यात घुमतो तर दुसऱ्या जागी दबतो. वरच्या पट्टीत उघड्या भिंतींचा प्रतिध्वनी गायकाच्या शब्दांवर चढतो. हे सारे १९२ किलोहर्ट्झला अधिक ‘इमानाने’ मुद्रित होईल, एवढेच.

मायक्रोफोनचेही पाहू. सभा-संमेलनांत जगभर वापरला जाणारा शुअरचा एसएम ५८ हा उत्तम आणि दणकट मायक्रोफोन. त्याच्या निर्मात्यांनीच त्याची मर्यादा ५० ते १५,००० हर्ट्झ अशी दिली आहे. त्याच्यापुढे ९६,००० हर्ट्झपर्यंत पोहोचणारे मुद्रण लावणे म्हणजे पावशेराच्या मापाने आणलेले तेल ठेवायला पिंप विकत घेणे.

ऐकणाऱ्याच्या बाजूलाही तीच गोष्ट. नगरच्या आकाशवाणी केंद्राची ओळख एफ.एम. केंद्र म्हणून आहे. एफ.एम. प्रक्षेपणात ध्वनीची वरची मर्यादा १५,००० हर्ट्झ असते, कारण १९,००० हर्ट्झवर स्टिरिओसाठीचा मार्गदर्शक संकेत बसवलेला असतो. त्यावर ऐकलेल्या गाण्यात काही कमी पडले अशी तक्रार आपण कधी केली नाही. मोबाइलवर पोहोचणारे गाणेही दाबून लहान केलेले असते, आणि त्या प्रक्रियेत २०,००० हर्ट्झच्या वरचे काही उरत नाही.

खर्चाचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. एका नमुन्याला २४ बिट म्हणजे ३ बाइट. पाच मिनिटांच्या गाण्याचे १६ ट्रॅक ४८ किलोहर्ट्झला मुद्रित केले तर ४८,००० × ३ × ३०० × १६ = सुमारे ६९१ मेगाबाइट. १९२ किलोहर्ट्झला तेच २,७६५ मेगाबाइट. संगणकाला प्रत्येक प्रक्रियेत चौपट आकडे फिरवावे लागतात. जुना संगणक अडखळतो, नवा घ्यावा लागतो, आणि मायक्रोफोनसाठी ठेवलेले पैसे तेथे जातात. या वादात जे पणाला लागते ते हेच.

याउलट, मायक्रोफोन गायकापासून ६० सेंटिमीटरवर होता तो १५ सेंटिमीटरवर आणला, तर पंख्याच्या आवाजाच्या तुलनेत गायकाचा आवाज सुमारे १२ डेसिबलने वर येतो. याला खर्च शून्य. पंखा बंद केला तर आणखी चांगले. भिंतींवर गोधड्या टांगल्या, मागे गाद्या उभ्या केल्या तर प्रतिध्वनी बराच शोषला जातो. (गोधडीने वरच्या आणि मधल्या वारंवारता शोषल्या जातात, खर्जाचा घुमारा नाही, हेही सांगून ठेवलेले बरे.) बिटांच्या बाबतीत मात्र २४ बिटांचा आग्रह धरावा. त्यामुळे पातळी खाली ठेवून, सर्वांत मोठा आवाज कमाल मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खाली राहील अशा बेताने, निर्धास्त मुद्रण करता येते. संबळाच्या अवचित टिपरीने लहरीचा माथा कापला गेला तर ते नुकसान नंतर कोणत्याही नमुनादराने भरून येत नाही.

उच्च दर कोठे खरोखर हवा

तोतया स्वराची गोष्ट येथे उपयोगी पडते. मुद्रणानंतर आवाजाला मुद्दाम थोडी विकृती देण्याची प्रक्रिया बरेच जण वापरतात. १०,००० हर्ट्झच्या स्वराला अशी प्रक्रिया केली की ३०,००० हर्ट्झचा तिसरा संवादी स्वर जन्मतो. हा संगणकाच्या आतच जन्मलेला असल्यामुळे बाहेरचा फिल्टर त्याला अडवू शकत नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या कामात तो १४,१०० हर्ट्झचा तोतया होतो, ९६ किलोहर्ट्झच्या कामात ऐकू न येणाऱ्या जागीच राहतो. हा उच्च दराचा खरा लाभ आहे. मात्र आजची बरीच सॉफ्टवेअर तेवढ्या प्रक्रियेपुरता दर आतल्या आत वाढवतात आणि पुन्हा खाली आणतात. त्यासाठी सगळे गाणे ९६ ला मुद्रित करण्याची गरज उरत नाही.

ध्वनी संथ करून ऐकायचा असेल, उदाहरणार्थ वटवाघळाच्या हाका दहापट संथ करून मुलांना ऐकवायच्या असतील, तर उच्च दर अपरिहार्य आहे. गाणे ऐकत ऐकत त्यावर गायचे असेल तर संगणकातून आवाज परत येण्याचा विलंब उच्च दराने कमी होतो. १२८ नमुन्यांचा साठा ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद घेतो, ९६ ला १.३. पण साठा ६४ नमुन्यांचा केला तरी तेच साधते.

चौथे आणि महत्त्वाचे क्षेत्र म्हणजे जतन. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेने जुन्या मुद्रणांच्या जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवले आहेत. अनेक संग्रहालये ९६ वापरतात. जुन्या तबकडीवरच्या ओरखड्यांची खरखर वरच्या वारंवारतांतही पसरलेली असते, आणि ती नेमकी ओळखून काढून टाकायला ही जादा माहिती उपयोगी पडते. मूळ तबकडी झिजत असेल तर पुन्हा संधी नाही, म्हणून हा उदारपणा योग्य आहे.

जतनाचा विचार घराघरांतही व्हायला हवा. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे प्रचंड काम केले. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या लोकांसमोर आणल्या. गावोगावी अजूनही काही आजींच्या ओठी ओव्या आहेत. त्या मुद्रित करायला ९६ किलोहर्ट्झचे यंत्र मिळेपर्यंत थांबू नये. आजीच्या ओवीतले जे हरवते ते २०,००० हर्ट्झच्या वर नसते. ते पंख्याच्या घरघरीत, लांब ठेवलेल्या मायक्रोफोनमध्ये आणि ‘पुढच्या सुट्टीत करू’ या शब्दांत हरवते.

वर्गात करण्याजोगी कसोटी

हा लेख वाचून कोणी आमच्यावर विश्वास ठेवावा असे नाही. कसोटी शाळेतही घेता येते. टाळ किंवा किल्ल्यांचे जुडगे ९६ किलोहर्ट्झला मुद्रित करावे. ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्याच मुद्रणाची एक प्रत ४४.१ ला उतरवून पुन्हा ९६ ला न्यावी, म्हणजे वाजवणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच दिसतील. पातळी तंतोतंत सारखी ठेवावी, कारण थोडा मोठा आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. एका शिक्षकाने नाणे उडवून क्रम ठरवावा आणि तो श्रोत्यालाच नव्हे, वाजवणाऱ्यालाही कळू देऊ नये. एका श्रोत्याचे १६ प्रयत्न घ्यावेत. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के आहे. ती ६५,५३६ पैकी २,५१७ अशी मोजून दाखवता येते. मात्र तीस मुलांची कसोटी घेतली तर एखादे मूल केवळ नशिबानेही १२ चा टप्पा गाठू शकते. त्याची पुन्हा कसोटी घ्यावी. विज्ञानाची पद्धत शिकवायला एवढे स्वस्त साधन क्वचित मिळते.

तुलनेसाठी तेच मुद्रण ८ किलोहर्ट्झला उतरवूनही ऐकवावे. जुन्या दूरध्वनीचा हाच दर, आणि त्यात ३,४०० हर्ट्झच्या वरचे काही जात नसे. टाळांचा किणकिणाट मरून जातो, आणि हा फरक सोळाच्या सोळा वेळा ओळखता येतो. नमुनादर महत्त्वाचा आहेच. तो कानाच्या मर्यादेपर्यंत महत्त्वाचा आहे, त्यापुढे त्याचे मोल झपाट्याने घसरते.

आमचे मत थोडक्यात असे. घरच्या ध्वनिमुद्रणाला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरेसे आहेत. यंत्र ९६ देत असेल आणि संगणकाला ते पेलत असेल तर वापरायला हरकत नाही. पण त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. ते पैसे मायक्रोफोनकडे, खोलीकडे आणि जमल्यास गाणे शिकवणाऱ्या गुरुजींकडे वळवावेत. आणि पुढच्या वेळी कोणी पायऱ्यांचे चित्र दाखवून सल्ला विचारायला आले, तर त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी, दोन बिंदू काढून द्यावेत, आणि त्यांतून सरळ रेषा काढायला आणखी किती बिंदू हवेत ते विचारावे.